पावडरीचा डबा

महिनाभर बाळ रडून घर डोक्यावर घेत होतं आणि सासूबाई सुनेला टोमणे मारत होत्या. "आई झाली आणि दूध नाही म्हणे! पावडरीचा डबा या घरात येणार नाही." शेवटी सुनेने डबा आणून कपड्यांमागे दडवला. दार लावून ती बाटलीने पाजू लागली आणि बाळाने चक्क बाळसं धरलं. सासूबाईंना कोण आनंद! त्यांनी लेकीला फोन लावला. तीही नुकतीच बाळंत झालेली. "अगं, वहिनीकडून शीक जरा! पावडरीला शिवलीसुद्धा नाही ती. तिच्याच तोंडून ऐक." सुनेने टॉवेलखाली बाटली लपवत फोन कानाला लावला. नणंद मुसमुसत होती. "वहिनी, पिल्लू उपाशी रडतंय गं. खरंच नुसतं अंगावरचंच पाजतेस?" समोर सासूबाई कौतुकाने मान डोलावत होत्या. "हो," सून म्हणाली, "धीर धर, येईल दूध." पलीकडचं बाळ रडतच राहिलं.