नवव्या वर्षी कावळा शिवेना

कावळ्यानं खिरीकडे बघून मान फिरवली, तसे गच्चीवर दिगंबररावांनी हात जोडले. "तुझी काही इच्छा राहिली असेल तर आम्ही पुरी करू," ते गंभीरपणे म्हणाले. हेमलताबाईंना हसू आवरेना. हसताना त्यांच्या पाठीत पुन्हा ती कळ आली.

श्राद्ध होतं हेमलताबाईंच्या स्तनातून काढलेल्या गाठीचं. गेली ना, मग तिचं दरवर्षी रीतसर व्हायला हवं, हा बाईंचाच हट्ट. आजवर कावळ्यानं दरवेळी पान चाटूनपुसून साफ केलं होतं.

पाठीचा स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधीच एखादी पेशी निसटून मणक्यात जाऊन बसली असणार. डोळ्यांना दिसणारही नाही एवढीशी. इतकी वर्षं झोपून होती, आता जागी होऊन वाढतेय."

"माझ्या केमोतही झोपली होती?" हेमलताबाईंचे डोळे विस्फारले. "लेकीच्या लग्नातल्या बँडनंही उठली नाही? अहो, आपण जितीजागतीचं श्राद्ध घालत होतो!"

"ती समूळ जाणार नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण औषधांनी पुन्हा झोपवता येते. कधीकधी बरीच वर्षं."

"आता श्राद्ध बंद," पहिली गोळी हातावर ठेवताना दिगंबरराव कसेबसे म्हणाले.

हेमलताबाईंनी गोळी गिळली आणि तान्ह्या बाळाला थोपटावं तसं स्वतःच्या पाठीवर थोपटलं. "बंदच. आता रोज अंगाई."

दिगंबररावांनी डोळे पुसून घसा खाकरला.

"तुम्ही नका गाऊ," त्या घाईघाईनं कुजबुजल्या. "झोपत असेल तर उठेल."