व्हर्लीन रांगेत

व्हर्लीन रांगेत उभी होती. लेथनला आधी वाटलं, आपली बायको कुणाची तरी जागा धरून उभी आहे.

शिकागोच्या पश्चिम भागात, त्यांच्या चर्चच्या तळघरात, आज वकील फुकट काम करायला बसले होते. गांजा आता दुकानात राजरोस मिळत होता. पण पूर्वी त्यापायी ज्यांना शिक्षा झाली, त्यांच्या नावावरचा डाग तसाच होता. तो पुसून द्यायला हे शिबिर. लेथन ब्रॉडनॅक्स हा या चर्चचा डीकन, पाद्रींच्या हाताखाली कारभार बघणारा. वकिलांना बोलावण्यापासून कॉफीपर्यंत सगळं त्यानेच जमवलं होतं.

"अगं, कुणासाठी उभी आहेस?"

"माझ्यासाठी."

मागे उभी असलेली युला, चर्चमध्ये सगळ्यांची 'सिस्टर', खिदळली. "डीकन, घरातच गुन्हेगार पाळलाय की तुम्ही!"

रांग हसली. लेथनही हसला. व्हर्लीन हसली नाही.

तो गोंधळला. चिडलीय का ही? सकाळी न्याहारी तर नेहमीसारखीच झाली होती. तिचा नंबर आला तेव्हा तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

वकीलबाईंनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "शहाऐंशी साल. गाडीत गांजा सापडला. गुन्हा तुम्ही कबूल केला होता."

हां, ते होय! लेथनला हायसं वाटलं. गाडी त्याची, पुडीही त्याचीच. तेव्हा येत्या सोमवारपासून तो सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून रुजू होणार होता. पोलिसाने विचारलं तेव्हा व्हर्लीनच पटकन म्हणाली, "माझी आहे." दंड भरला, दुसऱ्या दिवशी ती घरी आली. त्याने तिच्यासाठी फुलं आणली होती. संपलं होतं ना ते?

"त्यामुळे पुढे काही अडलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"नर्सिंगच्या कॉलेजातून काढलं. मग हॉस्पिटलं नाही म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरातसुद्धा घेतलं नाही. लोकांची घरं पुसली मी जन्मभर."

लेथन मागून तिच्या केसांकडे बघत राहिला. नर्सिंग तर तिने मुलांसाठी सोडलं होतं. तिला स्वतःच्या मर्जीने काम करायला आवडायचं. सगळ्यांना तो हेच सांगत आला होता. पण असं ती कधी म्हणाली होती? त्याला आठवेना. की हे त्यानेच केव्हातरी ठरवून टाकलं होतं?

"मला बोलली का नाहीस?" त्याने हळूच विचारलं.

"बोलले होते. तू म्हणालास, देवाची मर्जी."

वकीलबाईंनी व्हर्लीनच्या हातावर हात ठेवला. "कोर्टात थोडा वेळ लागेल, पण काम होईल. मग असंच धरायचं, की हे कधी घडलंच नाही."

व्हर्लीनने पर्स खांद्याला लावली आणि उठली.

"आमच्या डीकनना ते केव्हाच जमलंय," ती म्हणाली.