अपुरा काठ

डोंगरावरच्या आठवडी बाजारात पर्यटक बाई नेमक्या गाईडच्या आईने मांडलेल्या शालींपुढेच थांबल्या. आपण शहरात जन्मलो, अशी थाप त्याने पर्यटन कंपनीत मारली होती. म्हणून तो तिला ओळख दाखवायचा नाही आणि तीही लेकाची लाज राखायची. “शाल सुरेख आहे, पण काठ अर्धाच का विणलाय?” बाईंनी विचारलं. त्याने प्रश्न घरच्या बोलीत विचारला. आई शालीवरून हात फिरवत म्हणाली, “तुझ्या बाबांसाठी विणत होते रे. मागच्या महिन्यात गेले. निरोप धाडला होता, पोचला नाही वाटतं. आता कुणासाठी पुरा करू?” “काय म्हणाल्या आजी?” तो अर्धा काठ आत दुमडत म्हणाला, “इकडची पद्धतच आहे तशी.” बाई हरखल्या. “मग ह्यांच्यासाठी हीच घेते! जरा पांघरून दाखवा ना.” त्याने शाल खांद्यांवर घेतली. आईने तोंड फिरवलं. “अय्या, तुम्ही तर अगदी इथलेच वाटता!”