केशरी जाकीट

जमिनीतला धातू शोधायचं मशीन घेतल्यावर आत्याकडे जेमतेम एका वस्तूपुरते पैसे उरले.

"हेडफोन घ्या, नाहीतर निदान फावडं तरी," दुकानदार म्हणाला.

"खणायला घरचं उलथणं आहे," म्हणत आत्याने चमकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट उचललं.

"अहो, त्याने काय सापडणार?"

"काही नाही. पण सार्वजनिक बागेत खणताना कुणी हटकणार नाही."

आणि खरंच, कुणी हटकलं नाही. उलट लोक आपणहून गाऱ्हाणी घेऊन आले. एकाच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं, एका आजींच्या दारातला दिवा बंद होता. "बघते हं," म्हणत आत्या एकेकाला वाटेला लावत राहिली. दुपारपर्यंत तिला बाटलीची तीन झाकणं आणि एक वाकडा खिळा मिळाला.

तेवढ्यात नगरपालिकेची गाडी करकचून थांबली. तसलीच जाकिटं घातलेले दोन कामगार उतरून थेट तिच्याकडेच यायला लागले. आत्याने उलथणं पाठीमागे लपवलं.

 

त्यातला वयस्कर कामगार हातातली सिगरेट घाईघाईने विझवत म्हणाला, "चुकलं मॅडम, यायला जरा उशीर झाला. कुठून खणायला घेऊ?"