तेच प्रश्न, त्याच मुली

बुद्धिमापनाची परीक्षा भरवशाची आहे का, हे ठरवायला अभ्यंकर सर महिन्यानं पुन्हा शिराळ्याजवळच्या त्याच शाळेत आले. त्याच मुलींना तेच प्रश्न विचारायचे; उत्तरं जुळली तर परीक्षा पक्की, असं त्यांचं मत.

"दारात तार आली तर काय करशील?"

मागच्या खेपेला विजयमाला चटकन म्हणाली होती, "आकाराम मास्तरांकडं पळत जाईन. गावात त्यास्नीच इंग्रजी येतं." या खेपेला ती खाली बघत म्हणाली, "घ्यायचीच न्हाई. दार लावून घीन."

सर वैतागले. "महिन्याभरात उत्तर बदलतं. हा प्रश्नच काढून टाकायला हवा."

"प्रश्नात खोट नसेल, सर," सोबतच्या चारुशीलाबाई म्हणाल्या. "मूलही बदलतं की."

"एका महिन्यात?"

दाराशी उभे असलेले आकाराम मास्तर पुढे आले.

"तिचं पहिलं उत्तर खरं होतं, साहेब," ते म्हणाले. "मागल्या आठवड्यात तिच्या दारात तार आली. ब्रह्मदेशात लढाईवर गेलेला बाप सुट्टीवर येतोय, असं वाटून ती हसत माझ्याकडंच पळत आली. मला वाचून सांगावी लागली."