झाकणाचा लाल दोरा

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. संतापाची एक गोष्ट सांगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुरली थोरल्या भावाची, रंगनाथची, गाडी घेऊन सासुरवाडीला गेला आणि परतला तो इंजिनातल्या बिघाडाचा पिवळा दिवा पेटवूनच. रंगनाथ अंगणातच कडाडला, “कुठं आदळलीस रे माझी लक्ष्मी?”

“देवाशपथ, दादा, कुठंच नाही.”

“देवाला मध्ये आणू नकोस! पुन्हा गाडीला हात लावलास तर याद राख!”

रोजच्या त्या बोलण्याला कंटाळून मुरलीनं वेगळी खोली बघितली.

आज तो सामान बांधताना दिसला, तसा रंगनाथ पुन्हा भडकला. पुरावाच तोंडावर फेकतो म्हणून त्यानं तपासणीचं यंत्र आणून गाडीला जोडलं. पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळतेय, एवढंच यंत्रानं दाखवलं. तणतणत त्यानं टाकीचं झाकण उघडलं. रबराखाली लाल दोरा दबला होता; त्यानं झाकण घट्ट बसत नव्हतं, म्हणूनच तो दिवा पेटला होता. दसऱ्याला ‘हेच गाडीचं तोंड’ म्हणत त्यानंच पूजा करून बांधलेला.

दोरा मुठीत आवळून तो ओरडला, “मुरल्या, सोड ते सामान! आणि आधी माझ्या थोबाडीत दे!”

“आधी चहा घे, दादा.”

मायबाप, राग डोक्यात शिरेल तेव्हा त्या मुरलीची आठवण काढा.