घागरीवरची सांजोरी
शहाऐंशीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिघी बहिणी पाचोऱ्याला माहेरी आलो होतो. माय सांजोऱ्या तळत होती, आम्ही कैऱ्या चिरत होतो आणि कोपऱ्यात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवली होती. धाकट्या बेबीने विषय काढला, “आजच्यापुरतं एकच गेलेलं माणूस जेवायला परत येणार असेल, तर कोणाला बोलवायचं?” आमचे वडील, नाना, जाऊन दोनच वर्षं झाली होती. आम्ही दोघी एकदम म्हणालो, “नानांना!” माय झारा निथळवत म्हणाली, “तुमना नाना येईसन काय करतीन? जेवतीन नि खाटवर घोरतीन. मी मनी सासूले बलावसू.” आमच्या विळ्या थांबल्या. आजीने तीस वर्षं मायला धारेवर धरलं होतं. दर आखाजीला मायच्या सांजोऱ्या तेलात फुटायच्या, सांजा कढईभर व्हायचा आणि आजी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, “हात शेतस का खुरपं?” मी विचारलं, “तिलाच का गं?” मायने परात पुढे सरकवली. “देख. बठ्ठ्या आख्ख्या शेतस. येक बी फुटनी नही. हाई देखाले तीच पाहिजे.” आम्ही हसून हसून लोळलो. मग घागरीवर नैवेद्य ठेवायची वेळ झाली. मायने परातीतली सगळ्यात देखणी सांजोरी उचलली, डोळे भरून पाहिली आणि अंगठ्याने तिची कड फोडली. “आख्खी दिखनी तं बुढी दारमाच थांबी जाई,” ती म्हणाली. “म्हनी, हाई मनं घर नही.”